नेरमार्गे

४ डिसेंबर २००६, सोमवार

आज कामावर रुजू झाले. अडाण खोरे कापूस संघ, मुख्य कार्यालय, यवतमाळ. पद संगणक सहायकाचं, तेही हंगामापुरतं. संघाच्या दोन जिनिंग आहेत, एक दिग्रसला आणि एक नेरला. तिथं कापसातून सरकी काढून रुईच्या गाठी बांधतात. गाठींचे नमुने यवतमाळच्या प्रयोगशाळेत येतात आणि तपासणीचा अहवाल गिऱ्हाइकाला जातो.

व्यवस्थापक विमलताई आहेत. पन्नाशीच्या, चष्मा साखळीला अडकवलेला. त्यांनी माझ्याकडे न बघताच काम सांगितलं. दक्षिणेतली एक मोठी सूतगिरणी आपल्या गाठी घ्यायला तयार आहे. पण त्यांना फॅक्स नको, ईमेल पाहिजे. रोज दुपारी तीनच्या आत. जानेवारीभर ते पाहणार. एक दिवस जरी अहवाल चुकला तरी सौदा नाही.

"आणि सौदा नाही झाला तर?" मी विचारलं.

"तर दिग्रस चालेल, नेर बंद. यंदा जिल्ह्यात पत्रकार जास्त आले, कापूस कमी. दोन-दोन जिनिंग पोसायला गिऱ्हाईक लागते."

म्हणजे नेरचं जिनिंग माझ्या हातात आलं. मी घरी हे सांगितलं नाही. आईनं आधीच बाभुळगावात सगळ्यांना सांगून ठेवलंय की मोनाली पोस्टात लागली.

८ डिसेंबर

योजना लिहून काढली. बाबांनाही समजेल अशी करायची म्हणून तीन वाटा केल्या.

पहिली वाट: यवतमाळच्या सर्व्हरवरून ब्रॉडबँडनं थेट.

दुसरी: ब्रॉडबँड बंद असेल तर सर्व्हर आपण होऊन दिग्रसच्या संगणकाला फोन लावेल, मेल त्याच्या हवाली करेल आणि तो पुढे पाठवेल.

तिसरी: दिग्रसही उचलत नसेल तर नेरला फोन.

यवतमाळातूनच डायल करून इंटरनेट का नाही, असं विमलताईंनी विचारलं. मी सांगितलं की दुपारी तो नंबर लागतच नाही, सगळं शहर त्यावर असतं. नेरला गर्दी नाही.

बाबांना सांगितलं तर म्हणाले, "म्हणजे पुलावर पाणी आलं का गाडी दुसऱ्या रस्त्यानं काढाची. त्यात शिकाले काय होतं?" आई म्हणाली, "तुमी नाई शिकले म्हणून पाच वर्षं गाडीच हाकली न." बाबा बाभुळगावच्या बाजारात हमाली करतात. गाडी केव्हाच विकली.

१२ डिसेंबर

एसटीनं दिग्रसला गेले. जहीरभाई तिथले मेकॅनिक. रेच्यांपासून जनरेटरपर्यंत सगळं त्यांच्याकडे. रेचे म्हणजे कापसातून सरकी वेगळी काढणारी यंत्रं; त्यांच्या आवाजात बोलायचं म्हणजे ओरडावं लागतं, आणि मला ओरडता येत नाही. म्हणून ते दर वेळी माझ्या तोंडाशी कान आणायचे आणि मग "हां बेटा" म्हणायचे. संगणक बसवला, चाचणी केली, झाली. सुग्राबी, त्यांच्या घरच्या, मला जेवल्याशिवाय सोडेनात. बस चुकली. पुढच्या बसनं आले.

१५ डिसेंबर, शुक्रवार

दिग्रस गेलं. दुपारी चाचणी घेतली तर फोन वाजत राहिला, संगणक उचलेना. मी सगळं परत मांडलं, परत तपासलं. मग जहीरभाईंचा मोबाइल लावला, तोही बंद. तासाभरानं त्यांचाच फोन आला.

"बेटा, जुम्मा होता. नमाजले गेलतो."

"पण संगणक का बंद होता?"

"मेन पाडून जातो न मी. पूर्ण जिनिंगचा. मी नसताना करंट चालू राह्यला अन् रुईत एक ठिणगी पडली तर काय राहीन?"

मी विचारलं, संगणकापुरती वायर वेगळी घेता येईल का? ते म्हणाले, "तू म्हणशीन तर घेतो. पण मले नमाजीत ध्यान नाई लागणार."

फोन ठेवल्यावर विमलताई म्हणाल्या, "त्याला मेन चालू ठेव म्हणणारी तू कोण गं? अकरा वर्षांत तिथं बिडी पेटवायच्या काडीएवढी आग नाही लागली." मी तसं म्हणालेच नव्हते. पण त्यांचं बरोबर आहे. शुक्रवारी दुपारी दिग्रस नाही असं धरायचं. तेवढ्यासाठीच तर नेर आहे.

विमलताईंना मी पटलेले नाही. रोज डब्यातल्या दोन पोळ्या माझ्यापुढं ढकलतात आणि म्हणतात, "उरल्या, आता फेकू का?" माझं जेवण झालेलं असतं तरी खाते. उगाच त्यांना बोलायला निमित्त नको.

१८ डिसेंबर

नेरला जाऊन आले. जिनिंग लहान आहे. ओट्यावर बायका बसून कवडी वेचत होत्या, म्हणजे कापसातली किडकी बोंडं आणि कचरा. सगळं हातानं. मी त्यांच्याकडे बघायचं टाळलं.

रूपसिंगभाऊ तिथले फिटर, चौकीदार आणि फोन उचलणारे, सगळं एकच माणूस. मिशा पांढऱ्या. जिनिंगमध्ये टेलिफोनची एकच लाईन, मोबाइलला रेंज नाही. तीच वायर कधी फोनला, कधी संगणकाच्या मॉडेमला लावायची. मी समजावलं, "ही वायर कायम मशिनीत. फोन करायचा असेल तेवढ्यापुरती काढायची."

"बिलकुल," ते म्हणाले.

माझ्यासमोर चाचणी झाली. मेल नेरमार्गे गेला. त्यांनी पडद्याकडे बघून हात जोडले. मला हसू आलं, पण मीही मनातल्या मनात जोडले होते.

२१ डिसेंबर

आता रोजची चाचणी. ब्रॉडबँड काढून ठेवते, दिग्रसला वगळते, सर्व्हरला नेरला फोन लावू देते. आणि खात्री करायला मी दुसऱ्या फोनवरून रूपसिंगभाऊंना विचारते. नुसत्या यंत्रावर भरवसा ठेवणं बरं नाही, माणसानंही सांगितलं पाहिजे.

पण फोन लावला की कानात मॉडेमची किंचाळीच ऐकू येते. तीनदा लावला, तिन्हीदा किंचाळी. घाबरून, माझा फोन लागत नाही असं पत्र लिहून बसबरोबर पाठवलं.

२२ डिसेंबर

पत्र मिळालं असावं. आज फोन पहिल्याच घंटीला लागला. "आलं का भाऊ?" "आलं ताई, आलं. बराबर आलं." किती बरं वाटलं.

२८ डिसेंबर

नेर अगदी चोख. रोज विचारते, रोज "आलं." चाचणी संपवून ब्रॉडबँड परत जोडलं की रांगेतले सगळे मेल दोन मिनिटांत निघून जातात, रांग रिकामी, माझं डोकं रिकामं.

विमलताईंनी मॉडेमचा आवाज बंद करायला लावला. त्याला एक छोटा स्पीकर असतो, फोन लावताना होणारं टूं-टूं, खर्र-खर्र ऐकू येतं. मला ते ऐकायला आवडायचं. "ते कुत्र्याच्या पिल्लासारखं रडतं, बंद कर," त्या म्हणाल्या. केलं.

२ जानेवारी २००७

महिना सुरू झाला. कालचा आणि आजचा अहवाल पहिल्या वाटेनं, अडीचच्या आत पोचला. गिरणीकडून एका ओळीचं उत्तर येतं, "मिळाला." मी ते छापून ठेवते. विमलताईंनी पाहिलं. "देवघरात लाव," म्हणाल्या.

९ जानेवारी

दिवसातून दोनदा नेरला फोन करते, एकदा सकाळी, एकदा दुपारी. रूपसिंगभाऊ आता मला "बेटी" म्हणतात. आज सांगत होते की कधी कधी माझा फोन येतो आणि आत नुसती शिट्टी वाजत राहते, माझा आवाजच ऐकू येत नाही. "तरी मी सांगून ठेवतो, आलं म्हणून. तुमाले ऐकू गेलं तर गेलं." नेरची लाईन खराब झालेली दिसते. तक्रार नोंदवली पाहिजे.

विमलताई म्हणाल्या, "त्या रूपसिंगाला त्याची बायको एवढे फोन करत नसेल."

१२ जानेवारी, शुक्रवार

जुम्म्याची दुपार भीतीत गेली. पण ब्रॉडबँड चालू राहिलं, काही लागलं नाही. नेरलाही फोन केला होता आधी, तीनदा. "तयार हाव, बेटी, तयार हाव."

१६ जानेवारी

आज एक गंमत झाली. मी चाचणीचा मेल अजून पाठवलाच नव्हता, फक्त फोन लावला होता. मी "भाऊ" म्हणायच्या आत ते म्हणाले, "आलं." नंतर मी पाठवला. बहुधा सकाळचा एखादा अडकलेला असेल, तो पोचला. नेरची वाट आपल्या तिन्ही वाटांत सगळ्यात जलद आहे, असं मी विमलताईंना सांगितलं. त्यांनी चष्म्यावरून माझ्याकडे जरा जास्त वेळ बघितलं.

"तू तिथं किती वेळा गेलीस?"

"एकदा."

"परत जाऊन ये."

"पण भाऊ रोज सांगतात."

"तेच म्हणते," त्या म्हणाल्या. मला कळलं नाही की माझ्या कामावर शंका घेताहेत की मला कार्यालयातून बाहेर काढताहेत. शनिवारी जाईन म्हटलं.

१९ जानेवारी, शुक्रवार

आजच लिहिते, नाहीतर उद्या मी त्यात काहीतरी चांगलं घालीन.

जेवणानंतर भारनियमन संपून लाईट आली आणि एकदम जोरात आली. ब्रॉडबँडच्या डब्यातून वास आला, दिवे विझले. लाईट लगेच परत गेली. सर्व्हर इन्व्हर्टरवर चालू होता, पण पहिली वाट जळाली होती. चौकातले दोन्ही सायबर कॅफे लाईट नाही म्हणून बंद. अहवाल रांगेत.

मी म्हटलं, घाबरू नको, तू यासाठीच केलंस. सर्व्हरनं दिग्रसला फोन लावला. कुणी उचलेना. जुम्मा. जहीरभाईंनी मेन पाडला होता. जहीरभाईंचा मोबाइल लावून पाहिला, बंदच. मग सर्व्हर नेरकडे वळला. ठरल्याप्रमाणं. मी दुसऱ्या फोनकडे हात नेला, भाऊंना विचारायला. विमलताईंनी माझ्या हातावर हात ठेवला.

"थांब. त्यांची लाईन एकच. तू बोलशील तर मशीन कुठून जाईल?"

मी हात मागे घेतला. महिनाभर मी रोज हेच करत होते. सर्व्हर नेरला फोन लावायचा, आणि नेरच्या फोनवर मी.

पडद्यावर आलं, जोडणी झाली नाही. परत प्रयत्न. परत नाही. मी मॉडेमचा आवाज मोठा केला, निदान काय होतंय ते कळेल. घंटी वाजली. एक, दोन. मग खट्ट झालं. मॉडेमनं शिट्टी मारायला सुरुवात केली, आणि त्या बोटभर स्पीकरमधून, शिट्टीच्या मधून मधून, माणूस बोलायला लागला.

"आलं बेटी, आलं. बराबर आलं. तू काळजी नको करू. जेवली का?"

मॉडेम किंचाळत होता आणि रूपसिंगभाऊ त्याला समजावत होते.

मग मला एकदम सगळं दिसलं. वायर महिनाभर फोनलाच होती. माझा फोन लागावा म्हणून त्यांनी ती मशिनीतून काढली होती, आणि मी दिवसातून दोन-तीनदा करत होते म्हणून परत लावायला वेळच मिळाला नव्हता. रांग रिकामी व्हायची ती मी ब्रॉडबँड जोडल्यावर, पहिल्या वाटेनं. माझं पत्र पोचल्या दिवसापासून नेरमार्गे एकही मेल गेला नव्हता.

विमलताई उठून बाहेर गेल्या. मला वाटलं, संघाच्या सचिवांना सांगायला गेल्या. आता संपलं.

मॉडेमनं फोन ठेवल्याबरोबर मी लावला.

"भाऊ, मी मोनाली. खरीखुरी."

"हां बेटी, आत्ताच तर बोललो आपण."

"भाऊ, वायर कुठं आहे?"

मागे रेचे चालत होते.

"फोनात हाय," ते म्हणाले.

"आणि तुम्ही रोज आलं म्हणायचात?"

"तुमचा आवाज असा यायचा न, जसं कोनी गेलं घरात. नाई आलं म्हटलं असतं तर तुमी रडल्या असत्या. मले वाटे, यवतमाळले सगळं बराबरच असन. मास्तरीण हाय, तिच्या हातचं कायले चुकन."

मला रागावता आलं नाही. मी फक्त म्हणाले, "भाऊ, आता वायर मशिनीत लावा. लावली की मला सांगता येणार नाही, फोन बंद होईल. मला कळणार नाही तुम्ही लावली की नाही."

"मग कसं करू?"

"लावा. बस."

फोन ठेवला. आत्तापर्यंतच्या कामात हेच सगळ्यात अवघड गेलं, फोन ठेवून बसणं. पडद्यावर, परत प्रयत्न. घंटी एक. खट्ट. मी डोळे मिटले, की आता परत "आलं बेटी." पण त्या बाजूनंही शिट्टी आली. दोन्ही बाजूंनी शिट्टी, मग खर्रर्र, मग शांत. अहवाल गेला. नेरच्या संगणकानं फोन ठेवला, आणि पुढं त्यानं इंटरनेटला लावला की नाही, ते इथून दिसत नाही.

विमलताई चहा घेऊन आल्या, दोन कप. "गिरणीत फोन केला होता," म्हणाल्या, "की आमच्याकडे लाईट गेली, दहा मिनिटं थांबा. म्हणे थांबतो." मग चहा फुंकत म्हणाल्या, "मॉडेमचा आवाज राहू दे चालू."

लाईट आल्यावर नवा डबा आणून जोडला. पहिल्या मेलमध्येच होतं, "मिळाला."

सचिवांनी मला अजून बोलावलेलं नाही. विमलताई त्यांच्याकडे गेल्याच नव्हत्या वाटतं.

२० जानेवारी

नेरला गेले. रूपसिंगभाऊ फाटकाशी उभे होते, टोपी हातात. मी काही बोलायच्या आत त्यांनी मला संगणकाकडे नेलं. वायर मशिनीत होती आणि तिच्यावर लाल सुतळीनं गाठ मारलेली, कुणी ओढली तर कळेल अशी.

"आता मेलो तरी नाई काढत," ते म्हणाले.

मी सुतळी सोडायला लावली. मॉडेम कधी बदलावा लागला तर? मग आम्ही ठरवलं. मी फोन करणार नाही. फोन करायचाच असेल तर चाचणी झाल्यावर, तेही आठवड्यातून एकदा, सोमवारी; तेवढ्यापुरती ते वायर फोनला लावतील. आणि ते "आलं" म्हणणार नाहीत; पडद्यावर काय लिहिलंय तेवढं वाचून सांगतील. त्यांना अक्षरं येत नाहीत; माझं पत्रही त्यांनी दुसऱ्याकडून वाचून घेतलं होतं. पण आकडे येतात, आणि पोचलेल्या मेलचा आकडा पडद्याच्या कोपऱ्यात असतो.

ओट्यावरच्या बायकांनी मला बोलावून बोरं दिली. एकीनं विचारलं, "तूच का ती फोनवाली?"

२४ जानेवारी

फोन करत नाही. हात जातो. सर्व्हरच्या नोंदी वाचते, त्यात नेर रोज उचलतोय, सेकंदासकट. त्यानंही पोट भरत नाही. माणसाचा आवाज ऐकल्याशिवाय मला झालं असं वाटतच नाही. बाबा बाजारात पोतं दुसऱ्याच्या पाठीवर देताना "दिलं?" विचारतात आणि "घेतलं" ऐकल्याशिवाय हात सोडत नाहीत. माझं तेच आहे. पण इथं हात सोडल्याशिवाय समोरच्याला घेताच येत नाही.

२९ जानेवारी, सोमवार

सोमवार होता, तरी फोन केला नाही. नोंदी चोख होत्या. स्वतःवर खूश झाले.

विमलताई म्हणाल्या, "पुढच्या हंगामाला तुझं टेबल कुठं लावायचं ते ठरव. खिडकीशी ऊन येतं." मला खिडकीशीच बसायला आवडतं, पण त्यांना मी तिथं नको असेन. कोपऱ्यात चालेल म्हटलं. त्या वैतागल्या. "खिडकीशीच लावते," म्हणाल्या.

१ फेब्रुवारी, गुरुवार

काल जानेवारीचा शेवटचा अहवाल गेला. आज सकाळी गिरणीचं पत्र आलं, एक ओळ नाही, दोन परिच्छेद. हंगामभराच्या गाठी घेणार. दिग्रस आणि नेर दोन्ही. विमलताईंनी वाचलं, घडी घातली, परत उघडून वाचलं, आणि सचिवांकडे नेताना मला म्हणाल्या, "चल तू पण. तुझं आहे ते."

परत आलो तर माझ्या टेबलाशी रूपसिंगभाऊ उभे. धोतर, डोक्याला फेटा, हातात कापडी पिशवी. नेरहून पहिल्या बसनं आलेले.

"भाऊ, काय झालं? मशीन?"

"मशिनीले काय होतं?" त्यांनी मला वरपासून खालपर्यंत पाहिलं. "सोमवारी फोन नाई आला. मंगळवारी नाई, बुधवारी नाई. मले वाटलं तब्येत बिघडली. घरच्यानं म्हटलं, जाऊन पाहून या पोरीले." पिशवीत तुरीच्या शेंगा होत्या, उकडलेल्या, मीठ लावून.

विमलताई तोंडावर पदर धरून खिडकीकडे वळल्या.

मी गिरणीचं पत्र त्यांना वाचून दाखवलं. नेर चालणार, आख्खा हंगाम. त्यांनी ते दोनदा वाचायला लावलं. दुसऱ्यांदा ऐकताना ते माझ्याकडे नाही, कागदाकडे बघत होते.

मग मला एकदम सुचलं. "भाऊ, तुम्ही इथं, मग नेरला कोण आहे?"

"कोनी नाई," ते म्हणाले आणि शेंगांची पिशवी माझ्या टेबलावर ठेवली. "वायर मशिनीत लावून आलो. ते उचलते."

दोनच्या बसनं ते परत गेले, ओट्यावरच्या बायकांना सांगायचं म्हणून. ते रस्त्यात असतानाच मी एक चाचणीचा मेल नेरमार्गे सोडला. पहिल्या घंटीला मशिनीनं फोन उचलला.